दिल्लीचा रस्ता, येडाईची वाट

येरमाळ्याच्या चौकातून चारी दिशांना बघा. उत्तरेला बीड, दक्षिणेला धाराशिव आणि पुढे तुळजापूर, पश्चिमेला बार्शी, पूर्वेला कळंब. या चारही बाजूंना राष्ट्रीय महामार्गच जातात! जेमतेम एका बाजारगावाच्या अंगावरून दोन-दोन राष्ट्रीय महामार्ग. क्रमांक ५२ पंजाबातल्या संगरूरहून निघतो, जयपूर, कोटा, इंदूर, धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड करत इथे येतो आणि सोलापूर, विजयपूर, हुबळीवरून थेट अंकोल्याला समुद्राजवळ टेकतो. क्रमांक ५४८-सी साताऱ्याहून अकलूज, बार्शी करत येतो आणि कळंब, केज, माजलगाव, लोणार, शेगाव असा बैतूलपर्यंत जातो. सगळ्या जिल्ह्याला ५२ साठी अजून २११ हाच आकडा तोंडपाठ आहे, पण तो जुना क्रमांक २०१० च्या फेररचनेत गेला. आकडे सांगत बसले, कारण हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. येरमाळ्यातलं माणूस पायी कुठून जाणार, रस्ता कुठे ओलांडणार, कुठल्या झाडाखाली टेकणार, हे दिल्लीतल्या कागदांवर ठरतं. आणि ते कागद कुणीही वाचू शकतं!

याची सुरुवात झाली चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत. येडेश्वरी देवीची, म्हणजे येडाईची, ही यात्रा ज्याने पाहिली नाही त्याला ती सांगणं कठीण आहे. डोंगरावरच्या मंदिरापासून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते, चुन्याच्या रानात लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात, ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात पालखी आमराईत जाते आणि तिथे मुक्काम करते. लातूर, बीड, सोलापूर, कुठून कुठून माणसं येतात. कुणी एसटीने, कुणी टेम्पोने, आणि कितीतरी जण पायी.

पायी आलेल्या एका मावशींबरोबर मीही चालले. डोक्यावर परडी, पायात स्लीपर, ऊन चाळिशीच्या आसपास. गाडीने का नाही आलात असं विचारलं तर म्हणाल्या, “आमी दरसाली पायीच येताव. गाडीनं येऊन येडाईला काय सांगायचं?” मग कडेची पांढरी पट्टी दाखवत म्हणाल्या, “हिच्या आत पाय टाकला की संपलं बघ. गाड्या लई जोरात जातेत.”

त्या पट्टीकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. पट्टीच्या बाहेर डांबराची साइडपट्टी, तिच्या पलीकडे खडी, खडीपलीकडे उतार. साइडपट्टी आहे तोवर माणूस चालू शकतं, पण ती बिघडलेल्या वाहनासाठी असते, त्यामुळे मधेच एखादा ट्रक उभा दिसला की चालणाऱ्याने वळसा घेऊन गाड्यांच्या रांगेत शिरायचं. आणि एका मोरीपाशी तर साइडपट्टी कठड्याला जाऊन भिडते आणि संपते. तिथे मावशी थांबल्या. मागे वळून बघितलं, एक कंटेनर जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला, परडीवरचा हात घट्ट केला आणि लगबगीने ती मोरी ओलांडली. त्यांच्या मागे लहान मुलीला कडेवर घेतलेली बाई, तिच्या मागे काठी टेकत एक आजोबा. सगळ्यांनी अगदी तसंच केलं. चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची परवानगी आहे, २०१८ पासून. शेजारून माणूस जातो ताशी चारने.

घरी आल्यावर मी शोधायला बसले आणि एकामागून एक दारं उघडत गेली! आधी राज्यघटना. केंद्राच्या सूचीत २३ व्या नोंदीत राष्ट्रीय महामार्ग. राज्याच्या सूचीत १३ व्या नोंदीत बाकीचे रस्ते. आणि पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत, पुन्हा १३ व्याच क्रमांकावर, रस्ते, मोऱ्या, पूल. तीन सरकारं, तीन नोंदी, आणि त्या मावशींचा रस्ता पहिल्या नोंदीतला. दिल्लीकडे चालणाऱ्यांसाठी धोरण नाही का? आहे की! २००६ चं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण स्पष्ट म्हणतं की वाहनं नव्हे, माणसं हलवायची आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३, तिची एक सुधारित आवृत्ती २०१२ ची. पदपथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, डोक्यावर २.२ मीटर अडथळा नको, कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे म्हाताऱ्या गुडघ्यांना चढता येईल. इतक्या बारकाईने कुणीतरी विचार करून ठेवलाय! पण हे सगळं लिहिलंय शहरांसाठी. येरमाळा ग्रामपंचायतीचं गाव. शहरी धोरण महापालिकेच्या हद्दीशी थांबतं आणि महामार्गाचं धोरण वाहन धरून सुरू होतं. या दोहोंच्या मधे आपली हजारो रस्त्याकाठची गावं आहेत.

तरी चौपदरी महामार्गाच्या नियमावलीत वस्तीच्या भागासाठी पदपथ, सर्व्हिस रोड, झाकलेली गटारं, माणसांसाठी नि गुरांसाठी भुयारी मार्ग हे सगळं आहे. मग कुठे घालायचं आणि कुठे नाही, हे ठरतं कसं? इथे मला जे सापडलं त्याने मी अक्षरशः उठून उभी राहिले. ठरतं मोजणीवरून. रस्ता किती रुंद हवा हे काढताना प्रत्येक वाहनाला मोटारीच्या हिशेबात आणतात. मोटार म्हणजे एक. ट्रक किंवा बस म्हणजे तीन. सायकल म्हणजे अर्धा. बैलगाडी म्हणजे आठ, कारण ती हळू जाते आणि जागा अडवते. पायी चालणाऱ्या माणसाला आकडाच नाही! त्याहून पुढचं म्हणजे आयआरसी ९, १९७२ ची, मोजणी कशी करायची ते सांगणारी. सलग सात दिवस, चोवीस तास मोजा, म्हणते. आणि मोजणीच्या काळात जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर मोजणी काही दिवस पुढे ढकला, म्हणजे रहदारी नेहमीसारखी होईल.

जत्रा असेल तर मोजणी पुढे ढकला. चैत्र पौर्णिमेला लाखो माणसं या रस्त्यावर उतरतात. नवरात्राआधी मराठवाड्यातल्या गावोगावची पोरं तुळजापूरला जाऊन भवानीची ज्योत पेटवतात आणि अनवाणी धावत आपापल्या गावी नेतात, त्यातली कितीतरी याच रस्त्याने, रात्रीच्या अंधारात. अश्विनी पौर्णिमेला तुळजापूरची पायी वाट पुन्हा फुलते. आमच्या मुलखात हीच नेहमीची रहदारी आहे, ती दरसालची आहे, तिथी ठरलेली आहे. तिला अपवाद मानायचं आणि बाकीच्या दिवसांना नेहमीचं, हे मला मान्य नाही.

आणि हे बदलता येतं! कारण आपल्याच महाराष्ट्रात, याच केंद्र सरकारने ते एकदा बदललेलं आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्ग यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. पहिला दिवेघाट ते मोहोळ, सुमारे २२१ किलोमीटर. दुसरा पाटस ते तोंडले-बोंडले, सुमारे १३० किलोमीटर. एकाचा खर्च ६,६९० कोटींहून जास्त, दुसऱ्याचा सुमारे ४,४०० कोटी. दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आहेत, ९६५ आणि ९६५-जी. आणि दोन्हींच्या आराखड्यात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पालखीबरोबर चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट! वारी हा वर्षातले काही दिवस चालणारा सोहळा. तरीही तो मोजला गेला, त्यासाठी जागा संपादन झाली, पैसा मंजूर झाला. शतकानुशतकं चालत आलेल्या वारकऱ्याच्या पावलांना दिल्लीच्या कागदावर रुंदी मिळाली. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्यासाठी नवा कायदा लागला नाही. जो राष्ट्रीय महामार्ग मावशींना पट्टीबाहेर ढकलतो, तोच राष्ट्रीय महामार्ग वारकऱ्याला वाट देतो. फरक आहे तो फक्त आराखडा करताना कुणाला डोळ्यांसमोर ठेवलं याचा.

आता झाडांचं सांगते, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१५ मध्ये केंद्राने हरित महामार्ग धोरण आणलं. प्रकल्पखर्चाचा एक टक्का झाडांसाठी बाजूला काढायचा. केवढी मोठी रक्कम! पण आपल्याला येता-जाता डोळ्यांत भरते ती दुभाजकावरची कण्हेर आणि बोगनवेल. समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र चैत्रातल्या बाराच्या उन्हात कण्हेरीखाली कोण बसणार? ज्यांनी जुने रस्ते पाहिलेत त्यांना दोन्ही बाजूंचे वड आठवतील. रुंदीकरणात वड गेले. ते लिंब आणि वड पुन्हा पायवाटेच्या कडेला लागले पाहिजेत, आणि त्यासाठीचा एक टक्का धोरणात आहेच. हवामानाच्या उद्दिष्टांची भाषा मोठी असते. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द दिला आहे, आणि देशाच्या ऊर्जेतून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात रस्ते वाहतुकीचा वाटा सुमारे १२ टक्के आहे. येरमाळ्याच्या आसपासच्या माळांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्या या मोठ्या हिशेबाचाच भाग. पण येडाईला पायी येणारी बाई आणि कळंबहून एसटीने येणारं कुटुंब हेही त्याच हिशेबात धरायला हवं. त्यांनी वाहन घेतलेलं नाही. त्यांना निदान सावली तरी द्या.

आपण एकटे नाही हेही वाचताना कळलं. अमेरिकेचा आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ चा, आपला राष्ट्रीय महामार्ग कायदाही १९५६ चाच! तिथे केंद्राने खर्चाचा नव्वद टक्के भार उचलला आणि रस्ते वस्त्या चिरत गेले. १९९१ मध्ये त्यांनी नवा कायदा करून केंद्राच्या त्याच रस्तेनिधीतून पदपथ आणि सायकलवाटा करायला मोकळीक दिली. पस्तीस वर्षं गेली, पण पैशाची दिशा वळली.

आपल्याकडे ती वळायला आता न्यायालयाचंही बळ आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळ्यांविना, अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. जगण्याचा हक्क! आणि हे शब्दशः घ्यायला हवं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. राष्ट्रीय महामार्ग देशाच्या एकूण रस्त्यांत सुमारे दोन टक्के, आणि मृत्यू ६१,०३८, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने दोन कलमं आली आहेत, तीही सगळ्यांनी वाचावीत. १३८ (१-अ) नुसार पादचाऱ्यांबाबत, अगदी राष्ट्रीय महामार्गांवरच्या त्यांच्या वावराबाबतही, राज्याला नियम करता येतात. आणि १९८-अ नुसार सुरक्षेचे निकष न पाळता रस्ता केला आणि त्यात माणूस मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदारापासून आराखडा करणाऱ्यापर्यंत जो जबाबदार असेल त्याला एक लाखापर्यंत दंड आहे.

म्हणून येरमाळ्याच्या, येडशीच्या, तेरखेड्याच्या, चौसाळ्याच्या माणसांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढच्या चैत्र पौर्णिमेला आपण मोजू या. कॉलेजातली पोरंपोरी वही-पेन घेऊन चौकात, मोरीपाशी, आमराईच्या वाटेवर बसवा. तासागणिक पायी किती गेले, त्यात बायका किती, लेकरं किती, साठीपुढचे किती, सगळं लिहा. रात्रीचंही लिहा. साइडपट्टी जिथे संपते त्या प्रत्येक जागेचा फोटो आणि किलोमीटरच्या दगडाचा आकडा घ्या. नवरात्राआधी ज्योतीच्या वेळी पुन्हा मोजा. १ मेच्या ग्रामसभेत ठराव करा, त्याला हे आकडे जोडा, आणि पालखी मार्गाचा दाखला देऊन महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांकडे, खासदारांकडे, दिल्लीच्या मंत्रालयाकडे पाठवा. मागणी नेमकी ठेवा: पदपथ कुठून कुठपर्यंत, किती मीटर, झाडं कोणती, रस्ता ओलांडायला जागा कुठे. तोवर एखाद्या मोरीचा कठडा तुटलेला दिसला किंवा साइडपट्टीवर ट्रक उभा दिसला, तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे, तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा.