ताऱ्याचे मार्गदर्शन

तारे जागचे हलत नाहीत असे ज्याला वाटते, त्याने एकदा ताऱ्याचा फोटो काढून पाहावा. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. रुपयाचे नाणे चार किलोमीटरवर धरले तर दिसेल, जवळजवळ तेवढाच! साध्या डोळ्यांना हे सरकणे कळत नाही, पण कॅमेऱ्याचा डोळा पाच मिनिटे उघडा ठेवला की टिंबाची रेघ होते. म्हणून दुर्बिणीची बैठक मोटरने आकाशाच्या चालीने फिरवतात. तिचे दातेरी चाक मळसूत्रावर फिरते, आणि ते मळसूत्र कितीही कसबाने कातले तरी किंचित वाकडे निघतेच. मग ती कसर भरून काढायला शेजारी दुसरी छोटी दुर्बीण बांधायची. तिचा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर रोखून बसतो, आणि तारा जरा चळला की संगणक बैठकीला हुकूम सोडतो: इकडे सर, तिकडे सर. याला म्हणतात गायडिंग. हे काम करणाऱ्या एका लोकप्रिय प्रणालीचे नाव पीएचडी असे आहे. त्या इंग्रजी अक्षरांचा अर्थ मात्र, 'इथे दाब, मठ्ठा'!

ही विद्या मला भाच्याने शिकवली. गेल्या वर्षी तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दोन विषयांत गचकला, आणि ताईच्या घरात मार्गदर्शकांचे पीक आले. भावजी म्हणत, पहाटे उठून वाच. आजी म्हणत, आधी पोटभर झोप. काका म्हणत, शाखा बदल. शेजारचे एक निवृत्त गृहस्थ रोज नवे वेळापत्रक आणून देत. ताई काहीच म्हणत नसे; ती दर दहा मिनिटांनी दाराआडून डोकावे. पुढे सर्वांचे एका गोष्टीवर एकमत झाले: नडते आहे ती दुर्बीण. शिकवण्या घेऊन, पैसे साठवून पोराने ती जुनी विकत घेतलेली. फोटोही धड येत नव्हते; प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. भावजींनी निकाल दिला, "या अमावास्येला फोटो आला नाही, तर विकून टाकायची."

कार्तिकातल्या त्या अमावास्येला आम्ही दोघे भोरजवळ एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर, धुरकट हवेत मिणमिणत होता. तोही नेमका ध्रुवावर नसतो, सुमारे दोन तृतीयांश अंश बाजूला असतो. तेवढे सोडून बैठकीचा आस साधावा लागतो. पोराने तो साधला. मग म्हणाला, "मामा, आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही."

लोंबणाऱ्या तारा त्याने दोरीने आवळल्या, कारण थंडीत ताठरलेली तारही दुर्बिणीला ओढते. वजन तोलून पूर्वेकडे किंचित जड ठेवले, म्हणजे दात दाताला टेकून राहतात. दुसऱ्या आसाचे दात ढिले होते. सायकलचे पेडल उलटे फिरवून पुन्हा पुढे मारले की साखळी ताणेपर्यंत पाय फुकट जातो ना, तसे. त्यावर उपाय म्हणून त्या आसाला एकाच दिशेचे हुकूम ठेवले. तरी पडद्यावरचा आलेख करवतीसारखाच!

मग त्याने गायडिंग चक्क बंद केले आणि हात बांधून बघत बसला. आलेख संथपणे वर चढला, खाली उतरला. एका फेऱ्याला आठ मिनिटे. बैठकीच्या चाकाला १८० दात, म्हणजे मळसूत्राचा एक फेरा आठ मिनिटांचाच. तो हसला. "बैठक शहाणी आहे, मामा. तिची खोड सावकाशीची आहे. ही करवत गायडरची." गायडर दर अर्ध्या सेकंदाला ताऱ्याकडे पाहत होता. वरची हवा थरथरली की तारा हलल्यासारखा दिसे. हुकूम पोचेपर्यंत तो जागेवर आलेला असे, आणि त्या हुकमानेच खरा चळे. पोराने पाहण्याचा अवधी तीन सेकंद केला, आणि चूक दिसली तरी तिच्या साठ टक्केच सुधार, असे बजावले. करवत विरघळली. डोक्यावरच्या देवयानी दीर्घिकेतून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश त्या रात्री टिंबासारख्या गोल ताऱ्यांत टिपला गेला.

पूर्वी हे काम माणसे डोळ्यांनी करीत. माउंट विल्सनवर खेचरे हाकायला आलेला मिल्टन ह्युमसन हबलचा सहकारी झाला, तो दुर्बिणीपाशी रात्रीमागून रात्री तारा धरून ठेवूनच. शाळा त्याने लहानपणीच सोडली होती. कधी बटण दाबावे याइतकेच कधी दाबू नये, हेही त्याच्या हाताला ठाऊक असले पाहिजे.

भावजींनी फोटो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि दुर्बिणीच्या गिऱ्हाइकाला 'नंतर बघू' म्हणून कळवले. दोन विषयांपैकी एक सुटला, एक राहिला आहे. ताई अजून डोकावते. पण हल्ली तासातासाने. तिचा अवधी कोणी वाढवला, हे मी विचारलेले नाही.