सरवा

१९८९ साली सोनीने जपानच्या बाजारात सीसीडी-टीआर५५ नावाचा एक घरगुती व्हिडिओ कॅमेरा आणला. लोकांच्या लक्षात तो 'पासपोर्टएवढा कॅमेरा' म्हणून राहिला. वजन ७९० ग्रॅम. प्रवासाला निघताना बाकी काहीही विसरलं तरी चालतं, पण जे विसरून चालत नाही, त्याच्या मापाचा. आपल्याकडे या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांना हॅण्डीकॅम हे एकच नाव पडलं आणि त्यांची कामंही ठरून गेली: मुंज, बारसं, अष्टविनायकाची यात्रा, उटीची सहल. घरच्यांनी घरच्यांसाठी काढायचं आणि पाहुणे आले की टीव्हीला वायर जोडून दाखवायचं. प्रवासाचा खराखुरा माहितीपट करायचा तर खांद्यावरचा मोठा कॅमेरा, ट्रायपॉड, दिवे आणि चार माणसांची गाडी हवी, ही समजूत तेव्हाही होती आणि अजून पुरती गेलेली नाही. लहान कॅमेरा म्हणजे मोठा परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, असंच आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. लहान कॅमेऱ्याला अशी एक गोष्ट येते जी मोठ्याला येत नाही, आणि प्रवासाच्या चित्रपटात ती बाकी पुष्कळ गोष्टींहून मोलाची आहे. त्याला वाकता येतं.

कापणी उरकली, गाड्या भरून खळ्याकडे गेल्या, की शेतात मागे जी कणसं, जे दाणे, ज्या शेंगा पडून राहतात त्यांना सरवा म्हणतात. कापणारा ओळीने पुढे सरकतो. सरवा वेचणारीला दर पावलाला कंबरेत वाकावं लागतं. या एका हालचालीवर आन्येस वार्दा या फ्रेंच दिग्दर्शिकेने ८२ मिनिटांचा माहितीपट केला. 'ले ग्लानर ए ला ग्लानज' हे त्याचं नाव, म्हणजे 'वेचणारे आणि ती वेचणारी'. नावातली 'ती' म्हणजे वार्दाबाई स्वतःच. १९९९च्या सप्टेंबरात निघून पुढच्या वसंतापर्यंत त्या फ्रान्सभर हिंडल्या. बोसच्या सपाट शेतांतून, द्राक्षमळ्यांतून, न्वारमुतिएच्या किनाऱ्यावर, पॅरिसचा बाजार उठल्यावर मागे राहिलेल्या खोक्यांमधून. वय तेव्हा ७१. बरोबर खांद्यावरचा व्यावसायिक कॅमेरा होता, तो सहकाऱ्यांच्या हाती. स्वतःच्या हाती त्यांनी सोनीचा छोटा डीसीआर-टीआरव्ही९०० ठेवला, मिनीडीव्हीची टेप चालणारा. चित्रपट सुरू होतो तो शब्दकोशातल्या 'ग्लानाज', म्हणजे सरवा वेचणं, या शब्दापासून आणि चित्रकार मिलेच्या १८५७ सालच्या प्रसिद्ध चित्रापासून. ते चित्र नीट पाहावं. पुढे तीन बायका, दोघी जमिनीकडे पुरत्या वाकलेल्या, तिसरी अर्धवट. मागे, खूप दूर, उन्हात भरलेल्या गाड्या, गंजी, माणसांची गर्दी आणि घोड्यावरचा मुकादम, सगळं नखाएवढं. हंगामाचा सगळा थाट मिलेने क्षितिजाला नेऊन ठेवला आहे आणि उरलंसुरलं वेचणाऱ्यांना पुढे आणलं आहे. प्रवासाच्या बहुतेक माहितीपटांत याच्या उलट होतं. किल्ला, धबधबा, उत्सव, बाजार हे पुढे; आणि तिथलं जगणं क्षितिजावर, नखाएवढं.

वार्दांच्या चित्रपटात बटाट्यांचा एक प्रसंग आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा पुरावा मला त्यात दिसतो. यंत्राने काढणी झाली, प्रतवारी झाली. बाजाराला ठरावीक मापाचाच बटाटा हवा असतो, म्हणून फार मोठे, वेडेवाकडे, चिरलेले, हिरवे पडलेले बटाटे ट्रकने आणून पुन्हा शेतातच ओतले जातात. त्या ढिगात हृदयाच्या आकाराचे बटाटे निघतात. वार्दाबाई एका हाताने ते उचलतात आणि दुसऱ्या हाताने त्या उचलणाऱ्या हाताचं चित्रण करतात. मातीने भरलेली बोटं, बटाट्याची खरबरीत साल, मग पिशवी. हे दृश्य खांद्यावरच्या कॅमेऱ्याने घेता येणार नाही, असं नाही. पण मग उचलणारा हात एकाचा आणि कॅमेऱ्याचा हात दुसऱ्याचा होईल, आणि दृश्याचा अर्थच बदलेल. कित्येक किलोंच्या यंत्राला दोन्ही हात लागतात, खांदा लागतो आणि एक डोळा भिंगाला चिकटवून ठेवावा लागतो. लहान कॅमेऱ्याचा पट्टा एका पंजावर बसतो. अंगठा लाल बटणावर, तर्जनी झूमवर. दुसरा हात मोकळा राहतो, आणि मोकळा हात म्हणजे केवढी गोष्ट! त्या हाताने बटाटा उचलता येतो, फाटक उघडता येतं, समोरच्याने पुढे केलेला कप घेता येतो. त्यातून १९९२ साली शार्पने व्ह्यूकॅमला डोळा लावायच्या भिंगाऐवजी रंगीत पडदा दिला आणि पुढे बाजूला उघडणारी ती छोटी काच घराघरांतल्या कॅमेऱ्यांवर आली. कॅमेरा डोळ्यापासून सुटला. तो गुडघ्यापाशी नेता येऊ लागला, ढेकळाला टेकवता येऊ लागला. आणि चित्रण करणाऱ्याचा चेहरा उघडा पडला. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी राहून पाहा. एका बाजूला खांद्यावर काळं यंत्र घेतलेला, एक डोळा मिटलेला, अर्धा चेहरा गायब झालेला पाहुणा. दुसऱ्या बाजूला हातात चहाच्या किटलीएवढी वस्तू धरून तुमच्याकडे बघत, मान डोलवत ऐकणारी म्हातारी बाई. आपण बोलतो ते चेहऱ्याशी. या चित्रपटातली माणसं, फेकलेलं अन्न उचलून जगणारी, घरदार नसलेली, जितक्या सरळपणे बोलतात त्यात वार्दांच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. पण तो स्वभाव लोकांपर्यंत पोचायला वाट मोकळी असावी लागते.

यावर पहिला आक्षेप चित्राच्या दर्जाचा येतो, आणि तो खरा आहे. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत मिनीडीव्हीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. आजच्या साध्या फुल एचडीत याच्या पाचपट ठिपके असतात. सह्याद्रीचा कडा, पावसाळी समुद्र, हजार पानांचा पिंपळ यांपुढे असा कॅमेरा हतबल होतो. पानांचा लगदा होतो, आकाश पांढरं फटक पडतं, संधिप्रकाशात सगळ्यावर दाणे उठतात. पण हा तोटा कुठे होतो ते पाहिलं पाहिजे. तो दूरच्या दृश्यात होतो. तोच कॅमेरा वीतभर अंतरावर आणा, चार लाख ठिपके एका बटाट्याला भरपूर होतात. वार्दाबाई जपानहून परततात, सामानातून रेम्ब्रांटच्या चित्रांची पोस्टकार्डं काढतात, आणि तसंच सरकत आपल्या हाताच्या पाठीवर कॅमेरा नेतात. सुरकुत्या, शिरा, वयाचे तपकिरी डाग. कातडी एखाद्या अनोळखी मुलखासारखी पडद्यावर पसरते. तिथे ठिपके कमी पडले असं मनातही येत नाही. तेव्हा हे यंत्र दुबळं नाही, ते जवळ जायला भाग पाडणारं आहे, आणि ज्याला जवळ जायचं नाही त्याने ते घेऊ नये. डोंगराचं भव्य चित्र हवं असेल तर मोठाच कॅमेरा लावावा. वार्दांनीही तो बरोबर ठेवला होता, याची मला अडचण वाटत नाही. कोणता हात कशासाठी, हे त्यांना कळत होतं.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. १६ मिलिमीटर फिल्मचं ४०० फुटी रीळ ११ मिनिटांत संपायचं आणि प्रत्येक मिनिटाला पैसे पडायचे, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा. मिनीडीव्हीची टेप तासाभराची आणि स्वस्त. आता तर टेपही उरली नाही. जो तो सगळंच टिपत सुटला आहे. याला वेचणं म्हणायचं का? नाही म्हणायचं. दिसेल ते पोत्यात भरणं हा सरवा नव्हे. अश्वमेधपर्वातल्या मुंगसाची कथा आपल्याला ठाऊक आहे. कुरुक्षेत्रातला उंछवृत्तीचा ब्राह्मण, म्हणजे शेतात पडलेले दाणे वेचून जगणारा. त्याच्या प्रस्थभर सातूची सर युधिष्ठिराच्या यज्ञाला आली नाही, असं ते अर्धं सोन्याचं मुंगूस भर यज्ञमंडपात सांगतं. लहान ते श्रेष्ठ असा त्या कथेचा अर्थ नाही. ते सातू एकेक दाणा वेचून जमवलेले होते आणि घरच्या चारही जणांनी आपापला वाटा उपाशीपोटी पाहुण्यापुढे ठेवला होता, म्हणून त्यांना वजन आलं. कॅमेऱ्याचंही तेच. तासचे तास जमलेलं चित्रण घरी आणलं की खरं काम सुरू होतं: पाखडायचं, निवडायचं, खडे काढायचे, कोंडा उडवायचा. वार्दाबाई आपल्या चित्रपट करण्याच्या पद्धतीला सिनेलेखन म्हणत. संकलन आणि निवेदन हा त्यांच्या लेखी लिहिण्याचाच भाग. त्यांनी पाखडताना काय ठेवलं याचं एक उदाहरण विलक्षण आहे. द्राक्षमळ्यात चित्रण थांबवायचं त्या विसरल्या. कॅमेरा हातात लोंबकळत राहिला, चालूच, आणि भिंगाचं झाकण दोरीला टांगलेलं भिंगासमोर हिंदकळू लागलं. खाली मळ्याची जमीन, मध्ये नाचणारी काळी चकती. कोणीही फेकून दिला असता असा तुकडा. त्यांनी त्याला जॅझचा ठेका दिला आणि झाकणाचं नृत्य म्हणून चित्रपटात ठेवला. बाजाराच्या मापात न बसणारा तोही एक बटाटाच होता.

कोणी म्हणेल, हे सगळं शेवटी स्वतःकडेच वळतं. फ्रान्स बघायला निघालेली बाई आपला हात, आपले पिकलेले केस, आपल्या छतावर ओलीने उठलेले डाग दाखवत बसते. हायवेवरचे ट्रक बोटांच्या कड्यात पकडायचा खेळ खेळते. लहान कॅमेऱ्यात हा धोका आहेच. त्याचा अंगचा मायक्रोफोन धरणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो, म्हणून समोरच्याआधी त्याचाच आवाज, त्याचाच श्वास नोंदला जातो. पण मराठी वाचकाला या गोष्टीची भीती वाटायचं कारण नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेने, आणि सापडले बंडाच्या वणव्यात. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. त्या धामधुमीच्या लढाया, तह, खलिते यांचं पीक सरकारी दप्तरांनी कापून नेलं. भटजींनी मागे पडलेलं वेचलं, भूक, तहान, लपून काढलेल्या रात्री, वाटेवरची भीती. आणि त्यांच्यावर आपला विश्वास बसतो तो त्या पानांत त्यांचा स्वतःचा देह सतत हजर आहे म्हणून. ट्रायपॉडवरच्या स्थिर, नितळ चित्रामागे कोण उभं आहे हे कळत नाही. जणू देशच आपण होऊन दिसतो आहे. हलणारं चित्र सांगतं की इथे कोणीतरी दोन पायांवर उभं होतं, तिचं वय अमुक होतं, ती चालून दमली होती. प्रेक्षकाला साक्षीदाराची पारख करण्याची ही सोय आहे, आणि ती काढून घेणारा माहितीपट मला कमी प्रामाणिक वाटतो.

राहिला चोरीचा प्रश्न. मोठा कॅमेरा आला की गावभर कळतं. लहान कॅमेरा कोणाच्याही नकळत चालू ठेवता येतो. पुष्कळ कॅमकॉर्डरांच्या मेन्यूत तर पुढचा लाल दिवा बंद करण्याचीही तरतूद असते. ज्यांच्यापाशी नकार देण्याइतकंही बळ नसतं त्यांचं चित्र असं उचललं जाण्याची भीती अगदी रास्त आहे. याचं उत्तर त्याच चित्रपटात, एका शेतात सापडतं. काळा झगा घातलेला वकील पिकात उभा राहून हातातली लाल दंडसंहिता उघडतो आणि सरवा वेचण्याचा कायदा समजावतो. या हक्काचं मूळ १५५४च्या राजाज्ञेत आहे: गरिबांनी वेचावं, पण कापणी पुरी झाल्यावर, आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच. छोट्या कॅमेऱ्यासाठी याहून नेमका नियम मला सुचत नाही. दुसऱ्याचं उभं पीक कापायचं नाही, आणि घ्यायचं ते दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. दिवा चालू ठेवायचा, चेहरा दिसू द्यायचा, समोरच्याने हात आडवा केला की कॅमेरा खाली घ्यायचा. खाली घेणंही या कॅमेऱ्याला सोपं जातं. मनगट वळवलं की झालं.

आणि परत जायचं. कान महोत्सवात २००० साली चित्रपट दाखवल्यानंतर वार्दांच्या घरी प्रेक्षकांची पत्रं येऊ लागली, भेटी येऊ लागल्या. छोटा कॅमेरा घेऊन त्या पुन्हा बाहेर पडल्या, ज्यांचं चित्रण केलं होतं त्यांतल्या कित्येकांना भेटल्या, चित्रपट त्यांना कसा वाटला ते विचारलं, आणि टीका झाली तीही ऐकून घेतली. त्यातून २००२ साली 'दोन वर्षांनंतर' हा दुसरा चित्रपट झाला. चार माणसांची गाडी, परवाने, भाड्याचे दिवे एवढा लवाजमा पुन्हा जमवायचा असता तर हे परतणं घडलं असतं का, याची मला शंका आहे. वेचून आणलेले ते हृदयाकृती बटाटे त्यांनी फेकले नव्हते, शिजवलेही नव्हते. ते तसेच ठेवून दिले होते. कॅमेरा त्यांच्या अगदी जवळ जातो: साल आक्रसून सुरकुतली आहे, अंग मऊ पडलं आहे, आणि डोळ्याडोळ्यांतून जांभळट कोंब फुटून वर आले आहेत.