काळ आणि वेळ

 

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला संध्याकाळची सहाची घंटा ठाऊक आहे. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता सांगतो. त्या प्रसंगाची आठवण म्हणून ही अँजेलसची घंटा वाजते. इथल्या राष्ट्रीय रेडिओवर ती १९५० पासून आणि टीव्हीवर १९६२ पासून ऐकू येते. एकूण १८ टोले. आमच्या घरी ती कुकर लावायची खूण!

एकदा टोले चालू असतानाच लेकीने विचारले, "आई, टाइमला मराठीत शब्द किती?" शाळेत धर्माच्या तासाला ती शिकली होती की ग्रीकमध्ये दोन आहेत. 'क्रोनोस' म्हणजे घड्याळात सरकणारा काळ आणि 'कैरोस' म्हणजे नेमकी घटका. बायबलमधील 'उपदेशक' पुस्तकात जन्म, मरण, पेरणी, रडणे, हसणे यांना आपापला समय नेमलेला आहे. त्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत, जुन्या ग्रीक भाषांतरात, हे दोन्ही शब्द येतात. मार्कच्या शुभवर्तमानात येशू उपदेशाला आरंभ करतो तो 'कैरोस' भरला आहे असे सांगूनच. हे शब्द बायबलमध्ये सगळीकडे इतके काटेकोर वेगळे नाहीत, असे काही अभ्यासक म्हणतात. पण भाव असा, की काळ नुसता जात नाही. त्यातच देवाची हाक येते, आणि ती आली की माणसाने जागे असावे.

मी म्हटले, "आपल्याकडेही दोन आहेत. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असे आजी म्हणते ना?"

"मग आजीला फोन करायची वेळ कधी येते?"

मी गप्प झाले. कामावरून येऊन सहाची घंटा ऐकेपर्यंत सांगलीत हिवाळ्यात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. आई झोपलेली. 'उद्या करू' म्हणता म्हणता तीन आठवडे गेले होते. आई ८१ वर्षांची आहे, आणि हल्ली नावे विसरू लागली आहे.

आता शनिवारी मराठीचा वर्ग सुटला की गाडीतच रेडिओवर बाराची घंटा ऐकतो आणि फोन लावतो. तिकडे दिवेलागणीला थोडाच अवकाश असतो. आई अजून लेकीला नावाने हाक मारते.

मुलांनो, तुम्हीही आज फोन लावा. घड्याळ काय, चालतच राहील.