वडिलांवरचा आळ

आमच्या घरी साखरेचा डबा वरच्या फळीवर चढला, त्याला पुष्कळ वर्षे लोटली. वडिलांना मधुमेह होता. आम्हा भावंडांनी त्यांच्या पथ्याची जबाबदारी अशा तत्परतेने अंगावर घेतली, की तिच्यात मायेपेक्षा पहाराच अधिक होता. एका वर्षी गोळ्या वेळेवर, जेवण मोजके, तरीही तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तपासणी ८.६ दाखवू लागली. नाताळ नुकताच सरला होता. “बाबा, खरं सांगा, करंज्या चोरून खाल्ल्यात ना?” आम्ही विचारले. ते काहीच बोलले नाहीत. त्यांचे मौन आम्ही कबुली मानले.

दात घासताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, हे आम्हांस ठाऊक होते. म्हातारपणी दात हलायचेच, अशी आमची समजूत. पुढे दाढ असह्य दुखू लागली, तेव्हा दंतवैद्यांनी पहिला प्रश्न केला तो साखरेचाच!

त्यांनी समजावले ते असे : रक्तात साखर वाढली की हिरड्यांची जंतूंशी झुंजण्याची व जखम भरून काढण्याची शक्ती उणावते. उलट, हिरड्यांतील सततच्या दाहाची द्रव्ये रक्तात मिसळून इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतात आणि साखर चढते. हॅरल्ड लोए या दंतशास्त्रज्ञांनी १९९३ सालीच या रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले होते. २०२२ सालच्या कॉक्रेन आढाव्यात ३५ अभ्यास तपासले गेले. उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ने उतरल्याचे आढळले. म्हणजे ८.६ असेल तर ८.२च्या आसपास. गोळ्यांना हा पर्याय नव्हे, पण जोड खचित आहे.

काही बैठकांत दातांच्या मुळांवरचे कीटण खरवडून काढण्यात आले. औषध तेच, पथ्य तेच. चार महिन्यांनी आकडा ८.१ झाला. सारे श्रेय हिरड्यांचेच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु आमचा आळ खोटा होता, एवढे निश्चित.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते हसून म्हणाले, “अरे, मला तरी कुठं ठाऊक होतं?”

वाचकहो, घरातील मधुमेही माणसाला ‘काय खाल्लंत?’ असे दरडावण्यापूर्वी, ‘हिरड्या दुखतात का?’ असे एकदा मायेने विचारावे.