पाचवीला पुजलेला

पुण्याहून भाचीचा फोन आला. ‘‘मावशी, तुझ्याकडे तो दगड आहे ना गं अजून? बारशाला लागतोय.’’ तो दगड म्हणजे वरवंटा. तिच्या ओट्यावर मिक्सर आहे, चॉपर आहे, एअर फ्रायर आहे. पाळण्याखालून द्यायला वरवंटा तेवढा नाही. एरवी माझा पाटा बघून हीच हसायची, ‘‘म्युझियमला देऊन टाक’’ म्हणायची.

मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पुजायचा. बाराव्याला वरवंट्यालाच टोपडं घालायचं, गोविंद-गोपाळ म्हणत पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा. एवढा त्याचा मान, आणि एरवी त्याच्यापुढे वाकायला घरची बाई. आईच्या तर तो खरोखरच पाचवीला पुजलेला होता. अकरा माणसांचं वाटण, दोन्ही वेळचं. पुढे पुढे तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. म्हणून पाट्यावरच्या चवीचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांना मी आधी विचारते, वाटलंय का कधी? सुमीतचा मिक्सर मुंबईत निघाला. आमच्याकडे यायला आणखी वीस वर्षं गेली. आला त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

तरी मी पाटा काढलेला नाही. आता घरात मी एकटी. चार मिरच्या मिक्सरमध्ये टाकल्या की त्या भांड्याला चिकटून बसतात, पातं खाली मोकळंच फिरतं. पाट्यावर चार मिरच्यांचीही चटणी होते. आधी मिरची आणि खडे मीठ, मग लसूण, खोबरं, कोथिंबीर शेवटी. कडेला पळालेलं बोटांनी मध्ये ओढायचं, पुन्हा वरवंटा. पातं कापतं, दगड चिरडतो. खोबरं तेल सोडायला लागलं की वास पार जिन्यापर्यंत जातो. चूळभर पाण्याने पाटा धुवायचा, ते पाणी आमटीत. हाताची आग मात्र तासभर जात नाही, तेही सांगायला हवं.

सध्या पाटा गुळगुळीत झालाय, मिरची नुसती घसरते. पूर्वी ‘टाकीऽऽ’ अशी हाक देत छिन्नी-हातोडा घेऊन बायका यायच्या. अंगणात उकिडवं बसून ठिपक्याला ठिपका लावत पाटा खरबरीत करून द्यायच्या. मग पहिल्यांदा मूठभर तांदूळ वाटून टाकून द्यायचे, कच निघून जावी म्हणून.

वरवंटा पंच्यात गुंडाळून एसटीने नेला. ‘‘आजी, पिशवीत काय दगड भरलेत?’’ कंडक्टर म्हणाला. ‘‘हो,’’ म्हटलं. बारसं झाल्यावर भाचीने तो धुऊन, पुसून परत दिला. ‘‘जपून ठेव हं. धाकटीच्या वेळी लागेल.’’ काजळाची तीट तशीच राहिली होती. घरी आल्यावर खसखसून घासली आणि चटणीला बसले. तुमच्या भागात अजून कुणी टाकी लावून देणारी येत असेल, तर कळवा.