दिवसाउजेडीची दोन ताटे

सोलापूरच्या एका कापडव्यापाऱ्यांनी चाळीस वर्षांनंतर दुकान मुलाच्या हाती सोपविले आणि भूमध्य समुद्राकाठचे इटलीतील जेनोवा शहर सपत्नीक पाहण्याचे ठरविले. जमा-नावेची दुहेरी नोंद असलेल्या जगातील अतिशय जुन्या वह्यांपैकी 1340 सालच्या वह्या याच नगराच्या कारभाऱ्यांच्या आहेत, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. परिग्रहपरिमाणाचे स्मरण ठेवून त्यांनी आधीच मर्यादा बांधली: विमान व निवास सोडून दोघांना मिळून दिवसाला तीस युरो. पत्नींचा नियम त्याहून जुना होता. कंदमूळ वर्ज्य आणि रोज चौविहार.

जुन्या बंदरामागच्या अरुंद गल्लीत त्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घेतली. पाहण्याजोगे बरेचसे पायी गाठता येत असल्याने गाडीभाडे वाचले. सान लोरेन्झो कॅथेड्रलमध्ये जाण्यास शुल्क नव्हते. तेथे 1941 साली भिंती भेदून आत पडलेला, पण न फुटलेला तोफगोळा ठेवलेला आहे. त्याच्यासमोर त्या बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या.

दुपारी एका जुन्या खाणावळीत भट्टीतून फारिनाता निघत होती. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढेच तिचे साहित्य. "अगं, हे तर आपले बेसनाचे धिरडे!" असे म्हणत त्यांनी घाईने सहा युरो देऊन दोन तुकडे घेतले. इतक्यात पत्नींची नजर आत गेली. शेजारच्याच कढईत मासे तळले जात होते.

"अहो, इथे नको," त्या हळूच म्हणाल्या.

'पैसे दिलेत' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले आणि तेथेच थांबले. चाळीस वर्षे ते दुकान बंद करून रात्री दहाला जेवत आले होते. पत्नींनी त्याबद्दल कधी बोल लावला नाही. त्या मात्र रोज सूर्यास्तापूर्वी एकट्या जेवत आल्या होत्या. त्यांनी तुकडे तेथेच ठेवले आणि दोघे बाहेर पडले.

मेर्कातो ओरिएन्ताले या मंडईत पीठ, टोमॅटो आणि पीच मिळाले. खोलीवर सोलापूरहून नेलेल्या तव्यावर धिरडी झाली. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नवानंतर मावळतो. सात वाजता खिडकीत लख्ख ऊन होते आणि दोन ताटे शेजारी मांडलेली होती. पुढचे आठही दिवस तसेच गेले.

त्या रात्री वहीत त्यांनी सहा युरो 'धर्मादाय' खाती टाकले नाहीत. 'खर्च, माझी घाई' असे स्वच्छ लिहिले. ठरविलेल्या रकमेतून शेवटी एक्केचाळीस युरो शिल्लक राहिले.

सोलापुरात मात्र सूर्य लवकर मावळतो. परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी, सहा वाजता, ते स्वतःचा पाट घेऊन स्वयंपाकघरात आले.