चिंचेची झोप

आमच्या वाड्याच्या दारात एक जुनी चिंच आहे. लहानपणी दिवेलागणीनंतर मी तिचा पाला ओरबाडू लागलो, की आजी दटावी, "झाड निजलंय रे!" पाने खरोखरच मिटलेली असत.

गेल्या पौषात गावी, सेलूकडे, गेलो तेव्हा चिंच निजली होती आणि माझे थोरले बंधू गव्हाला पाणी द्यायला निघाले होते. त्या आठवड्यात विजेची पाळी रात्रीची होती. कानटोपी, बॅटरी, काठी, फडक्यात भाकरी आणि थर्मासात गोड चहा. "दोनच्या सुमारास खाल्लं, की झोप उडते," दादा म्हणाले. सकाळी येऊन ते अंथरुणावर पडले आणि तासाभरात उठून बसले. उजाडल्यावर डोळा लागेना.

आजोबा पहाटे मोट धरीत आणि ऊन तापले की सोडीत. बैलांना विसावा हवा, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. मोटारीला विसावा लागत नाही. मग तिच्यामागच्या माणसालाही तो लागत नसावा, असे कुणीतरी ठरवून टाकले!

दादांना मधुमेह आहे. गोळ्या नेमाने घेऊनही साखर उतरेना, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी विचारले, "जेवता किती वाजता?" प्रश्न साधा, पण नेमका होता. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावर तो देहाचे घड्याळ लावतो. यकृताचे, स्वादुपिंडाचे घड्याळ मात्र जेवणाच्या वेळेनेही सरकते. रात्री देह साखर नीट हाताळीत नाही. दिवसा सोसते तीच भाकरी रात्री दोनला रक्तातली साखर अधिक चढवते.

हे घड्याळ आतलेच आहे. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचे रोप अंधारात ठेवले. तरी पाने आपल्या वेळेला उघडत नि मिटत. पेशीत ते कसे चालते, हे फळमाशीवर उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकनांना २०१७ साली नोबेल मिळाले.

हे सगळे मी दादांना ऐकवले. (मला सांगण्याची हौस फार.) त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गव्हाला सांगशील का हे?"

त्या रात्री साडेनऊला थर्मासात चहा मी ओतला, बिनसाखरेचा. त्यावर ते काही बोलले नाहीत. फडक्यातली भाकरी मात्र त्यांनी काढू दिली नाही.